कॅरोलाइन नॉर्टन : एक खटला आणि दोन कायदे

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कॅरोलाइन नॉर्टन यांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगता येतील;
• १८३६ च्या खटल्यामागील राजकारण आणि त्या काळातील विवाहविषयक कायदा यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• प्रवाद आणि पुरावा यांतील फरक चरित्रवाचनात कसा सांभाळावा, याचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आतापर्यंत तुम्ही वाचलेल्या चरित्रांच्या नायक-नायिकांना बहुधा त्यांच्या कर्तृत्वाने प्रसिद्धी मिळवून दिलेली आहे. या पाठातील चरित्रनायिकेची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांचे नाव देशभर झाले ते एका बदनामीमुळे, आणि कर्तृत्व त्यानंतर आले. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये विद्यमान पंतप्रधानांवर एका गृहस्थाने आपल्या पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याचा दावा लावला. तो दावा एका दिवसात निकालात निघाला आणि पंतप्रधान पुढेही पदावर राहिले. ज्या स्त्रीच्या नावाभोवती हा खटला उभा राहिला, तिला मात्र त्याची किंमत उर्वरित आयुष्यभर मोजावी लागली.

ती स्त्री म्हणजे कवयित्री आणि कादंबरीकार कॅरोलाइन नॉर्टन. हा पाठ वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा. ज्या खटल्यात एखाद्या व्यक्तीच्या अब्रूचा निकाल लागतो, त्या खटल्यात त्या व्यक्तीला काही स्थान असते की नाही? कॅरोलाइन यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते, आणि त्या नकारातूनच त्यांचे पुढील कार्य उभे राहिले.

२. घराणे आणि बालपण

कॅरोलाइन यांचा जन्म २२ मार्च १८०८ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे आजोबा रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन हे प्रख्यात नाटककार आणि व्हिग पक्षाचे वक्तृत्वनिपुण संसदपटू होते. लोकापवाद आणि कुचाळक्या यांवर आधारलेले त्यांचे 'द स्कूल फॉर स्कँडल' हे प्रहसन इंग्रजी रंगभूमीवर विलक्षण गाजले होते. त्याच विषयाची झळ पुढे नातीला सोसावी लागली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

वडील टॉमस शेरिडन यांचे १८१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप येथे निधन झाले. घराण्याला नाव होते, परंतु पैसा नव्हता. राजकृपेने हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात मिळालेल्या निवासस्थानात आईने मुले वाढवली. आई स्वतः कादंबऱ्या लिहीत असे. हेलन, कॅरोलाइन आणि जॉर्जियाना या तिन्ही बहिणी रूप, बुद्धी आणि संभाषणचातुर्य यांसाठी लंडनच्या उच्चभ्रू समाजात ओळखल्या जात. हुंडा नसलेल्या मुलींचे विवाह लवकर जमावेत, ही त्या काळातील आईची स्वाभाविक चिंता होती. आपल्याकडील वाचकाला ती चिंता समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

३. विवाह

३० जुलै १८२७ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॅरोलाइन यांचा विवाह जॉर्ज चॅपल नॉर्टन यांच्याशी झाला. नॉर्टन हे लॉर्ड ग्रँटली यांचे धाकटे बंधू, व्यवसायाने बॅरिस्टर आणि टोरी पक्षाचे पार्लमेंटमधील सभासद होते. शेरिडन घराणे व्हिग, तर नॉर्टन घराणे टोरी. हा राजकीय विरोध घरातही उतरला. परंतु खरे दुःख त्याहून खोल होते. विवाहानंतर थोड्याच काळात नॉर्टन यांनी पत्नीवर हात उगारण्यास प्रारंभ केला. पुढे स्वतः लिहिलेल्या हकिकतीत कॅरोलाइन यांनी या मारहाणीच्या घटना नोंदवून ठेवल्या आहेत. फ्लेचर, ब्रिन्स्ली आणि विल्यम असे तीन मुलगे या दांपत्याला झाले.

पतीच्या वकिलीतून फारसे उत्पन्न येत नसे. कॅरोलाइन यांनी लेखणीचा आधार घेतला. १८२९ मध्ये त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, १८३० मध्ये दुसरा. नियतकालिकांचे संपादन, कविता, कथा यांतून मिळणाऱ्या पैशावर घरखर्चाचा मोठा भाग चालू लागला. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. तत्कालीन कायद्यानुसार विवाहित स्त्रीची कमाई ही तिची नव्हे, तर तिच्या पतीची मालमत्ता होती. कॅरोलाइन यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या मोबदल्यावर कायद्याने नॉर्टन यांचा हक्क होता.

४. मेलबर्न यांच्याशी स्नेह

१८३० मध्ये नॉर्टन यांची पार्लमेंटमधील जागा गेली आणि त्याच वर्षी व्हिग पक्ष सत्तेवर आला. पतीला एखादे पद मिळावे म्हणून कॅरोलाइन यांनी आपल्या घराण्याच्या जुन्या संबंधांचा उपयोग केला आणि नवे गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांना पत्र लिहिले. मेलबर्न यांनी १८३१ मध्ये नॉर्टन यांची लंडनमध्ये दंडाधिकारी म्हणून नेमणूक केली. या पदाचे वेतन वर्षाला १,००० पौंड होते.

मेलबर्न त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले विधुर होते. कवी बायरनशी झालेल्या प्रेमप्रकरणामुळे त्यांच्या दिवंगत पत्नीचे नावही एकेकाळी गाजले होते. पार्लमेंटजवळच असलेल्या नॉर्टन यांच्या घरी ते वारंवार येऊ लागले. साहित्य आणि राजकारण यांवर चर्चा करण्यात दोघांनाही रस होता. या भेटी नॉर्टन यांना माहीत होत्या. किंबहुना आपल्या नोकरीच्या दृष्टीने त्यांना त्या सोयीच्याच वाटत होत्या. मेलबर्न १८३४ मध्ये काही महिने आणि नंतर १८३५ पासून पुन्हा पंतप्रधान झाले. तेव्हा या स्नेहाला राजकीय अर्थ प्राप्त होणे अटळ होते.

५. खटला : २२ जून १८३६

१८३६ च्या वसंत ऋतूत पति-पत्नींमधील कलह विकोपाला गेला. कॅरोलाइन माहेरच्या माणसांकडे जाण्याची तयारी करीत असताना नॉर्टन यांनी मुलांना परस्पर दुसरीकडे हलवले. त्यानंतर त्यांनी पंतप्रधानांवर दावा दाखल करून १०,००० पौंडांची नुकसानभरपाई मागितली.

या दाव्याला इंग्रजी कायद्यात 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' असे नाव होते. नावात गुन्ह्याचा उल्लेख असला तरी हा दावा दिवाणी स्वरूपाचा होता. परपुरुषाने आपल्या पत्नीशी संबंध ठेवल्यामुळे पतीचे नुकसान झाले, ते पैशाने भरून द्यावे, अशी त्यामागील कल्पना होती. म्हणजे दावा दोन पुरुषांमधला. पत्नी ही जणू हानी पोहोचलेली वस्तू. त्या काळी दाव्यातील पक्षकारांना स्वतः साक्ष देता येत नसे. म्हणून नॉर्टन आणि मेलबर्न हेही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत. परंतु त्या दोघांची बाजू मांडण्यासाठी देशातील अग्रगण्य वकील हजर होते. कॅरोलाइन पक्षकारच नसल्यामुळे त्यांना वकील देता येत नव्हता, साक्षीदार बोलावता येत नव्हते आणि स्वतः काही सांगताही येत नव्हते. विवाहानंतर पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, असे इंग्रजी कायदा मानीत असे. त्या विलीनतेचा अर्थ या दिवशी त्यांना पुरेपूर कळला.

सुनावणी वेस्टमिन्स्टर येथे झाली. वादीच्या बाजूने उभे केलेले साक्षीदार मुख्यतः घरातील काढून टाकलेले नोकर होते. त्यांपैकी एक गाडीवान मद्यपी असल्याचे उलटतपासणीत उघड झाले. लॉर्ड ग्रँटली यांच्या इस्टेटीवर या साक्षीदारांची बडदास्त ठेवली गेल्याचेही समोर आले. पुरावा म्हणून मेलबर्न यांच्या काही चिठ्ठ्या वाचून दाखवण्यात आल्या. भेटीची वेळ कळवण्यापलीकडे त्यांत काही नव्हते, तरी त्यांतून गूढ अर्थ काढण्याचा प्रयत्न झाला. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या या सुनावणीनंतर ज्यूरीने आपली जागाही न सोडता मेलबर्न यांच्या बाजूने निर्णय दिला.

तुमच्यापैकी इंग्रजी कादंबरीची आवड असणाऱ्यांना येथे एक ओळखीचा धागा सापडेल. या खटल्याचे वृत्तांकन करणाऱ्यांत तरुण चार्ल्स डिकन्स होते. त्या वेळी क्रमशः प्रसिद्ध होत असलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये त्यांनी साध्या चिठ्ठ्यांतून भलते अर्थ काढणाऱ्या वकिलाचे जे विडंबन केले आहे, त्याचे मूळ या न्यायालयातील प्रसंगात शोधले जाते.

खटल्यामागे केवळ पतीचा मत्सर होता काय? टोरी पक्षातील काही मंडळींनी व्हिग सरकार खाली खेचण्यासाठी नॉर्टन यांना पुढे केले, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता. मेलबर्न यांनी राजीनामा देऊ केला होता, परंतु राजे चौथे विल्यम यांनी तो स्वीकारला नाही. निकालानंतर सरकार टिकले. पुढील वर्षी व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या राणीचे राजकीय मार्गदर्शक म्हणून मेलबर्न यांनाच मान मिळाला.

६. निर्दोष, तरीही शिक्षा

निकालाने आरोप फेटाळला होता. तरीही कॅरोलाइन यांच्या पदरी काय पडले, ते पाहा. मुले पतीच्या ताब्यात राहिली, कारण कायद्याने पित्याचा मुलांवरील अधिकार अनिर्बंध होता. घरातील त्यांच्या वस्तूही पतीकडेच राहिल्या. नॉर्टन खटला हरल्यामुळे त्यांना घटस्फोट मिळू शकत नव्हता. कॅरोलाइन यांनाही तो मिळणे शक्य नव्हते. त्या काळी घटस्फोटासाठी पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे आणि तो मिळवू शकलेल्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. शिवाय छळ सोसूनही एकदा पतीच्या घरी परतलेल्या पत्नीने तो छळ माफ केला, असे कायदा समजत असे. अशा रीतीने एकमेकांपासून दुरावलेली ही दोन माणसे जॉर्ज नॉर्टन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे पुढील जवळजवळ एकोणचाळीस वर्षे, कायद्याने पति-पत्नीच राहिली.

७. मुलांसाठी लेखणी

कॅरोलाइन यांच्या हाती एकच साधन उरले होते. कवितेसाठी चालवलेली लेखणी आता त्यांनी कायद्याकडे वळवली. मातेपासून मुलांना तोडणाऱ्या कायद्यावर त्यांनी १८३७ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि प्रारंभी ती खाजगी रीतीने छापून वाटली. वकील, लेखक आणि पार्लमेंटचे सभासद टॉमस नून टॅलफर्ड यांनी याविषयी विधेयक मांडले. कॉमन्स सभागृहाने ते स्वीकारले, पण १८३८ मध्ये लॉर्ड्स सभागृहात ते नामंजूर झाले. यानंतर कॅरोलाइन यांनी लॉर्ड चॅन्सेलरना उद्देशून आणखी एक पुस्तिका लिहिली. तिच्यावर लेखकाचे नाव 'पीअर्स स्टीव्हनसन' असे होते. स्त्रीचा युक्तिवाद पुरुषाच्या नावाने अधिक गांभीर्याने ऐकला जाईल, हे त्यांनी ओळखले होते.

या काळात एका नियतकालिकाने त्यांच्यावर अत्यंत हीन शब्दांत टीका केली. अब्रुनुकसानीचा दावा लावावा, तर विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे दावा लावता येत नव्हता आणि ज्याच्या नावे तो लावता आला असता, तो पतीच प्रतिपक्ष होता.

अखेर १८३९ मध्ये अल्पवयीन मुलांच्या ताब्याविषयीचा कायदा संमत झाला. जिच्यावर व्यभिचाराचा आरोप सिद्ध झालेला नाही अशा मातेला सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आणि त्याहून मोठ्या मुलांच्या भेटीसाठी न्यायालयाकडे अर्ज करता येऊ लागला. आज हा हक्क तुटपुंजा वाटेल. परंतु पित्याच्या अनिर्बंध अधिकाराला इंग्रजी कायद्याने घातलेली ही पहिली महत्त्वाची मर्यादा होती.

ज्यांच्यामुळे हा कायदा झाला, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि नॉर्टन यांनी मुलांना स्कॉटलंडमध्ये आपल्या बहिणीकडे ठेवले होते. १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला, जखम चिघळली आणि त्यातच त्याचा अंत झाला. निरोप मिळून आई पोहोचली तेव्हा उशीर झालेला होता. या मृत्यूनंतरच उरलेल्या दोन मुलांचा सहवास त्यांना काही प्रमाणात मिळू लागला.

८. दुसरा संघर्ष : स्वतःच्या कमाईसाठी

१८४८ मध्ये नॉर्टन यांना विश्वस्त निधीतील मालमत्तेवर पैसा उभा करावयाचा होता आणि त्यासाठी पत्नीची संमती आवश्यक होती. त्या बदल्यात पत्नीला वर्षाला ५०० पौंड देण्याचा लेखी करार त्यांनी केला. पुढे कॅरोलाइन यांना आईकडून वार्षिक उत्पन्न मिळू लागले. हे कळताच नॉर्टन यांनी आपली रक्कम थांबवली. १८५३ मध्ये एका देणेकऱ्याचा दावा न्यायालयात आला, तेव्हा पति-पत्नींमधील करार कायद्याने बंधनकारक नाही, हा मुद्दा पुढे आला. पति-पत्नी कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती, आणि स्वतःशी कोणी करार करू शकत नाही! त्याच सुनावणीत सतरा वर्षांपूर्वीचे मेलबर्न प्रकरण पुन्हा उकरून काढण्यात आले. मेलबर्न यांचे १८४८ मध्येच निधन झालेले होते.

या वेळी कॅरोलाइन गप्प बसल्या नाहीत. १८५४ मध्ये इंग्लंडमधील स्त्रियांविषयीच्या कायद्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. १८५५ मध्ये विवाह आणि घटस्फोट विधेयकासंबंधी राणी व्हिक्टोरिया यांना उद्देशून लिहिलेले त्यांचे प्रदीर्घ पत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. देशाच्या सर्वोच्च पदावर एक स्त्री विराजमान आहे आणि त्याच देशात विवाहित स्त्रीला कायदेशीर अस्तित्व नाही, या विसंगतीवर त्यांनी नेमके बोट ठेवले.

१८५७ च्या वैवाहिक दावे कायद्याने घटस्फोटाचा विषय दिवाणी न्यायालयाकडे सोपवला आणि 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन'चा जुना दावा रद्द केला. पतीने टाकलेल्या पत्नीला आपल्या कमाईचे संरक्षण मिळाले. न्यायालयाच्या आदेशाने विभक्त झालेल्या स्त्रीला वारसा घेणे, करार करणे आणि स्वतःच्या नावे दावा लावणे शक्य झाले. या तरतुदींमागे कॅरोलाइन यांच्या लेखनाचा प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात. अर्थात, कायदा समान नव्हता. पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर पतीचा छळ, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे.

९. विचारांची मर्यादा

कॅरोलाइन यांना आजच्या अर्थाने स्त्री-पुरुष समतेच्या पुरस्कर्त्या म्हणता येणार नाही. पुरुष हा स्त्रीहून श्रेष्ठ आहे, ही धारणा त्यांनी जाहीरपणे मान्य केली होती. त्यांची मागणी समतेची नव्हती, संरक्षणाची होती. ही भूमिका मनापासून होती की प्रतिकूल सभागृहाला राजी करण्याचे ते धोरण होते, यावर मतभेद आहेत. तुम्ही या प्रश्नाचा विचार करताना दोन्ही शक्यता खुल्या ठेवा. विचारांनी परंपरानिष्ठ असलेल्या व्यक्तीच्या हातूनही परंपरेला धक्का देणारे कार्य घडते, याची उदाहरणे आपल्या प्रबोधनकाळातही सापडतात.

१०. कादंबरीतील प्रवाद आणि अखेरची वर्षे

कॅरोलाइन यांच्याविषयी आणखी एक प्रवाद पसरला होता. धान्य कायदे रद्द करण्याचा मंत्रिमंडळाचा गुप्त निर्णय त्यांनी १८४५ मध्ये 'द टाइम्स' या वृत्तपत्राला विकला, असे बोलले जाई. हा आरोप निराधार होता. तरीही जॉर्ज मेरेडिथ यांनी 'डायना ऑफ द क्रॉसवेज' (१८८५) या कादंबरीत तो वापरला. पुढील आवृत्त्यांत ही कथा काल्पनिक समजावी, असा खुलासा जोडावा लागला.

जॉर्ज नॉर्टन १८७५ मध्ये वारले. १ मार्च १८७७ रोजी कॅरोलाइन यांनी आपले जुने स्नेही, विद्वान सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी विवाह केला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १५ जून १८७७ रोजी, त्यांचे निधन झाले.

११. मुंबईशी जुळणारा धागा

या चरित्राचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. कॅरोलाइन यांची थोरली बहीण हेलन यांचे पुत्र लॉर्ड डफरिन हे १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. नेमक्या याच वर्षांत मुंबईत रखमाबाईंचा खटला चालला. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. ज्या प्रकारचा हा दावा होता, तो इंग्रजी कायद्यातून येथे आला होता. असा हुकूम न पाळल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडमध्ये १८८४ मध्येच रद्द झाली होती. मुंबईत मात्र १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदायला जा अथवा कैद भोगा, असा निर्णय ऐकावा लागला. रखमाबाईंनीही वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहून आपली बाजू मांडली होती. या दोन स्त्रियांची परिस्थिती भिन्न होती. एक पतीपासून विभक्त झालेली माता, तर दुसरी पतीकडे न गेलेली तरुणी. परंतु न्यायालयात ज्यांचे ऐकले गेले नाही, त्यांनी छापील शब्दाचा आश्रय घेतला, हे दोन्हीकडे समान आहे.

१२. समारोप

विद्यार्थी मित्रहो, कॅरोलाइन नॉर्टन यांच्या आयुष्याची चर्चा आजही बहुधा एकाच प्रश्नापाशी घोटाळते. मेलबर्न यांच्याशी त्यांचे संबंध नेमके कसे होते? न्यायालयाने त्याचे उत्तर १८३६ मध्ये दिले. चरित्राच्या अभ्यासकाने त्या पुढचा प्रश्न विचारायला हवा. ते उत्तर मिळाल्यानंतरही एका निर्दोष स्त्रीला मुले, घर आणि कमाई का गमवावी लागली? कॅरोलाइन यांनी स्वतः हाच प्रश्न पार्लमेंटला विचारला, आणि त्याचे उत्तर अंशतः तरी १८३९ आणि १८५७ च्या कायद्यांतून मिळवले.

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये चित्रकार डॅनियल मॅक्लिस यांचे न्यायदेवतेचे भित्तिचित्र आहे. त्या चित्रासाठी कॅरोलाइन यांचा चेहरा आदर्श म्हणून घेतला होता. याच सभागृहाने १८३८ मध्ये मातांच्या हक्काचे विधेयक नाकारले होते. ज्या स्त्रीला न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नव्हता, तिचाच चेहरा कायदे करणाऱ्यांच्या सभागृहात न्यायाचे प्रतीक म्हणून विराजमान आहे.

स्वाध्याय

१. १८३६ च्या खटल्यात कॅरोलाइन नॉर्टन यांना आपली बाजू का मांडता आली नाही, ते तत्कालीन कायद्याच्या आधारे स्पष्ट करा.
२. १८३९ च्या कायद्याचा लाभ स्वतः कॅरोलाइन यांना का मिळाला नाही?
३. समतेची मागणी आणि संरक्षणाची मागणी यांतील फरक सांगून कॅरोलाइन यांच्या भूमिकेचे मूल्यमापन करा.
४. तुमच्या परिचयातील एखाद्या चरित्रग्रंथात लोकापवादाचा विषय कसा हाताळला आहे, याविषयी सुमारे २०० शब्दांत लिहा.